मागच्या क्वार्टरमधली पेटी

बाबांच्या निवृत्तीला पाच महिने उरले होते तेव्हा मी घरूनच काम करत होते. टाउनशिपमधल्या आमच्या क्वार्टरच्या मागच्या खोलीत, शिलाई मशीन आणि गव्हाची कोठी यांच्या मधे, माझं टेबल होतं. शेजारच्या काकू विचारायच्या, तू करतेस तरी काय? संशोधन, एआयच्या न्यूरल नेटवर्कवर. म्हणजे ते बनवतेस? नाही, दुसऱ्यांनी बनवलेलं उघडून बघते. यावर त्यांचा चेहरा पडायचा. शेवटी आईनेच एकदा त्यांची समजूत घातली, "बनवणारे वेगळे हो, ही इन्स्पेक्शनवाली." कारखान्याच्या वसाहतीत एवढं पुरेसं होतं. ते आदल्या वर्षी; तेव्हा आई ठीक होती, निदान आम्हाला तसं वाटत होतं.

माझं काम सांगायला सोपं, करायला किचकट. नेटवर्कला वाक्य दिलं की आत त्याचे आकडे होतात, थरावर थर, आकड्यांच्या लांबच लांब ओळी. त्यांत काय साठलंय हे नुसतं बघून कळत नाही. म्हणून आम्ही एक दुसरं, छोटं नेटवर्क शिकवायचो. त्याला आपसांत 'विचारणारा' म्हणायचो. विचारणाऱ्याने ते आकडे बघून सांगायचं, हा शब्द नाम आहे की क्रियापद. त्याने बरोबर सांगितलं की आम्ही खूश, बघा, मोठ्या नेटवर्कला व्याकरण कळतं. चौघांचा गट, चार शहरांत, आठवड्यातून एकदा पडद्यावर भेट. आठ महिने मी हेच करत होते. उत्तरं छान येत होती आणि मला कशाचाच आनंद होत नव्हता. आलेला शीण कामाचा होता की घरचा, हे वेगळं काढता येईना.

घरी आई विसरू लागली होती. रविवारी बाबांचा डबा भरायची. मावशीला स्वतःच फोन लावायची आणि "कोण बोलतंय?" असं तिलाच विचारायची. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून आम्हाला शहराबाहेर मिसरोदला घेतलेल्या फ्लॅटवर जायचं होतं. तीस वर्षांचं घर सुटल्यावर तिला नवी बिल्डिंग, नवा जिना सापडेल का, या काळजीने मी पोखरून निघाले होते. जाण्याआधी तिला डॉक्टरांना दाखवू, असं मी दर चार दिवसांनी म्हणायचे. बाबा ऐकून घ्यायचे नाहीत.

"तिला सगळं आठवतं," ते म्हणायचे. "संध्याकाळी चल आमच्याबरोबर फिरायला. कळेल तुला."

मी जाऊ लागले. वसाहतीतले निम्मे क्वार्टर तोवर रिकामे झाले होते. अंगणांत गवत कमरेएवढं, कुठे पेरू पिकून खाली सडलेले. बाबा एकेका दारासमोर थांबायचे.

"इथे ते अकोल्याचे राहायचे ना, ज्यांचा पांढरा कुत्रा होता?"

"हो, पांढरा कुत्रा," आई म्हणायची.

"आणि वरती ते सरदारजी, त्यांची मुलगी कॅनडाला गेली?"

"हो ना, कॅनडाला."

बाबा पैज जिंकल्यासारखे माझ्याकडे वळून बघायचे. हळूहळू मीही विचारू लागले. आई हो म्हणाली की माझा पुढचा दिवस जरा बरा जायचा.

मग एका मंगळवारी दुपारी आमच्या बैठकीत गटातली गणितवाली बोलली. ती महिन्यातून एकदा बोलायची आणि तेवढंही मला पुष्कळ वाटायचं. तिने एक साधी गोष्ट केली होती. प्रत्येक शब्दाला नाणं उडवून वाटेल ते लेबल दिलं, छापा किंवा काटा, आणि आमच्याच विचारणाऱ्याला तेही शिकवलं. त्यातही त्याला जवळपास व्याकरणाइतकेच गुण मिळाले.

"नाण्याने ठरवलेलं नेटवर्कला ठाऊक असायचं काही कारण नाही," ती म्हणाली. "म्हणजे ते विचारणाऱ्याने पाठ केलंय. आठ महिन्यांच्या उत्तरांतली त्याची किती आणि नेटवर्कची किती, आता सांगता येणार नाही. विचारणारा जितका साधा, पाठ करू न शकणारा ठेवाल, तितकं उत्तरावर विसंबता येईल."

तिच्या आवाजात खोच नव्हती, त्याचाच मला जास्त राग आला. नंतर राग स्वतःवर आला. ही तपासणी आधी करायची असते हे मला माहीत होतं. उत्तरं मनासारखी येत होती म्हणून मी ती टाळली. आता आठ महिने पाण्यात गेले होते, आणि खरं सांगायचं तर रडायचाही कंटाळा आला होता.

त्या संध्याकाळी मी नेहमीसारखी त्यांच्याबरोबर निघाले. अकोलेकरांचं दार आलं. बाबांनी विचारलं, आईने हो म्हटलं, आणि मला पहिल्यांदाच ऐकू आलं की पांढरा कुत्रा बाबांच्या प्रश्नातच होता. कॅनडाही बाबांचाच.

मग मी ते केलं. "आई, आपल्या घरामागच्या क्वार्टरमध्ये ते बेळगावचे राहायचे, संध्याकाळी पेटी वाजवायचे. आठवतात?"

मागच्या क्वार्टरमध्ये बेळगावचं कधीच कोणी राहिलं नव्हतं. तिथे पेटीही नव्हती.

"हो तर," आई म्हणाली. "किती छान वाजवायचे."

तीच डोलावलेली मान, तोच आवाज. बाबा जागीच थांबले. मग घराकडे वळले. पायरीवर बसून बूट काढताना म्हणाले, "आईची परीक्षा घेतेस?"

माझं म्हणणं खरं निघालं होतं आणि मला स्वतःची अतोनात लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई ओट्यापाशी मटार सोलत होती. मी चहा घ्यायला गेले तर मान वर न करता म्हणाली, "बेटा, ते पेटीवाले मला काही आठवत नाहीत."

"मग हो का म्हणालीस?"

"तुम्ही दोघं विचारता आणि असे बघत राहता माझ्याकडे. नाही म्हटलं की चेहरे उतरतात तुमचे. म्हणून हो म्हणते." एक शेंग किडकी निघाली, ती तिने बाजूला टाकली. "कुत्रापण नाही आठवत."

"कधीपासून, आई?"

"ते पण नाही आठवत," ती म्हणाली आणि थोडीशी हसली.

बाबा दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. डबा उचलून ते ड्यूटीवर गेले.

संध्याकाळी आम्ही तिघं पुन्हा निघालो. अकोलेकरांच्या दारासमोर बाबा थांबले. मग त्यांनी एवढंच विचारलं, "इथे कोण राहायचं?"

आईने दाराकडे बघितलं. गंजलेल्या कडीकडे, अंगणातल्या गवताकडे, पुन्हा दाराकडे.

"नाही आठवत," ती म्हणाली. आणि सवयीने तिने आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे बघितलं.

आम्ही चेहरे हलू दिले नाहीत.

"बरं," बाबा म्हणाले. त्यांनी तिचा हात धरला आणि पुढे चालू लागले. दोन दारं गेल्यावर मागे न बघता मला म्हणाले, "शनिवारची डॉक्टरांची वेळ घे."