बिबड्यांची राखण

निवृत्त झालो आणि सुप्रभातचे मेसेज पाठवून झाले की साडेसातलाच दिवस संपायला लागला. दुसऱ्या आठवड्यात मी बायकोच्या स्वयंपाकघरात लक्ष घातलं. डाळींचे डबे उंचीप्रमाणे लावले, फोडणीला मोहरी किती लागते यावर दोन शब्द सुनावले. तिने माझ्या हातात काठी दिली आणि मला गच्चीवर पिटाळलं. तिथे आमच्या देवपूरच्या गल्लीतल्या बायकांनी जुन्या साड्यांवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे जाडसर पापड, थापले होते. ते वाळेपर्यंत कावळे हाकलायचे, एवढंच काम.

उभ्या नोकरीत मी कचेरीत कधी अकराच्या आत पोचलो नव्हतो. गच्चीवर मात्र नऊ म्हणजे नऊ. डोक्याला उपरणं, जवळ पाण्याची बाटली, दीडला जेवणाची सुट्टी. तेवढ्यापुरती बायको वर. खरं सांगतो, इतकं मन लावून मी नोकरीही केली नाही. रोज सकाळी कुणीतरी आपली वाट बघतंय, मग ते कावळे का असेनात, याचा मला फार आनंद व्हायचा.

अडचण एकच होती. लसूण-तीळ घातलेला, अर्धवट वाळलेला बिबडा समोर पडलेला असे. पहिल्या दिवशी मी एक उचलला, चौथ्या दिवशी पाच. साडीवर गोल ओला डाग राही. "कावळे फार माजलेत," असं मी खाली येऊन सांगायचो.

एके दिवशी मी वर निघालो, तोच शेजारच्या अक्का हिरवी जाळी घेऊन दारात आल्या. "नाना, आते तुमले उनमा बसानं काम नही. मनी पोर जाळी लई उनी शे."

म्हणजे माझी नोकरी गेलीच. जाळी चहा मागत नाही आणि बिबडेही खात नाही. मी जिना चढू लागलो आणि वळणावर थांबून कान लावला.

"जाळी नको, अक्का," बायको म्हणाली.

"का वं? कावळा नही, नानाच खातस बिबडा."

"माले माहीत शे. रोज पाच जास्तीना थापस मी. जाळी लाई का ह्या परत खाले सयपाकघरमा येतीन."

अक्का हसल्या आणि जाळीची घडी घालू लागल्या. मला खरं तर राग यायला हवा होता, पण नोकरी वाचल्याचा आनंद मोठा होता. मी वर जाऊन काठी उचलली आणि दुपारपर्यंत एकही बिबडा तोंडात टाकला नाही.