कप्तानाच्या आधीची गोष्ट

टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात दोन गोष्टी साठत जातात. एक, लोक न्यायला विसरलेले रिमोट. आणि दोन, किस्से. रिमोट मी पोत्यात भरून माळ्यावर टाकले. किस्से मात्र कुणी चहाला बसलं की बाहेर पडतात. आता तुम्ही बसलाच आहात, तर ऐका.

वारूळवाडीत माझं दुकान. नव्वदचं दशक संपत आलं होतं. दर रविवारी सकाळी अकराला केबलवर एक परदेशी अंतराळाची मालिका हिंदीत लागायची. एक यान, त्याचा एक कप्तान आणि दर रविवारी नवा ग्रह. मालिकेचं इंग्रजी नाव जिभेवर बसेना, म्हणून आम्ही तिला नुसतं 'यान' म्हणायचो. आम्ही म्हणजे निवृत्त गुरुजी, मंचरकडचा ऊसवाला दत्तू, अंगणवाडीच्या सुमनताई, मढहून एसटीनं येणारे सखाराम नाना आणि मी. टीव्ही सगळ्यांच्या घरी होता. पण घरी त्या वेळेला देवादिकांची मालिका असायची. तिथं कोण हात लावणार!

'यान' संपलं. आम्हाला सुतक आल्यासारखं झालं, तरी रविवारी अकराला माझ्या दुकानात जमणं काही सुटलं नाही. आणि मग पेपरात चार ओळी आल्या : 'यान'चा प्रीक्वेल येणार.

*

प्रीक्वेल म्हणजे काय, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. गुरुजींनी घरी डिक्शनरी काढली. ती त्यांच्या नोकरीच्या पहिल्या वर्षातली. पुढच्या रविवारी येऊन म्हणाले, "असा शब्द नाही."

मी बातमी पुन्हा नीट वाचली. मूळ गोष्टीच्या आधी काय घडलं, ते दाखवणार होते.

दत्तू म्हणाला, "म्हंजे वग आधी दाखवला, आन् आता गण दाखवणार व्हय?"

शेजारी नारायणगाव, तमाशाचं गाव. सगळ्यांना एका वाक्यात समजलं. गुरुजींनी डिक्शनरीत पेन्सिलीनं लिहून ठेवलं : 'प्रीक्वेल - मागाहून येणारा गण.'

*

कप्तानाच्या गालावर तीन रेघांचा व्रण होता. तो कसा आला, हे मूळ मालिकेत कधी सांगितलं नाही. म्हणजे आता सांगणार, यावर आमचं एकमत. पुढे भांडण.

गुरुजी म्हणाले, "युद्धातला आहे."

सुमनताई म्हणाल्या, "छे! लहानपणी पडलाय कुठंतरी. माझ्या अंगणवाडीत असले चार आहेत."

दत्तू म्हणाला, "बिबट्या."

"अरे, अंतराळात बिबट्या कुठून येईल?" गुरुजी ओरडले.

"आमच्या उसात कुठनं आला?"

त्या आठवड्यात दत्तूच्या रानात वनखात्याचा पिंजरा लावलेला होता.

*

मग पेपरात प्रीक्वेलमधल्या यानाचा फोटो आला. जुन्या मालिकेतल्या यानापेक्षा चकचकीत! गुरुजींना ते सहनच होईना. "जे यान आधीचं, ते नंतरच्यापेक्षा नवं कसं दिसेल? काही तर्कशास्त्र आहे की नाही?" दोन रविवार त्यांचा हाच विषय.

तिसऱ्या रविवारी दत्तू म्हणाला, "गुरुजी, बाहेर माझा ट्रॅक्टर हुबा हाये. बघा जरा."

गुरुजींनी बघितला.

"घेतला तवा यापरीस नवा व्हता का न्हाई?"

गुरुजींनी अख्खा कप संपेपर्यंत विचार केला आणि म्हणाले, "दत्तोबा, हे बरोबर आहे."

दत्तूला दत्तोबा म्हणाले ते त्या एकदाच.

*

सुमनताईंची शंका वेगळी होती. "कप्तान पुढं जिवंत आहे, हे आपल्याला माहीत आहे. मग कसलंही संकट येऊ दे, धाकधूक कसली वाटणार?"

मी म्हटलं, "ताई, तुम्ही तुमच्या लग्नाची कॅसेट बघता का?"

"दर दिवाळीला."

"मग? पुढं काय होतं ते माहीत असतंच की!"

"असतं," सुमनताई म्हणाल्या. "तरी अंतरपाट धरला की दरवेळी वाटतं, आता तरी कुणीतरी थांबवेल!"

त्यांचे मिस्टर त्या दिवशी मिक्सर दुरुस्तीला घेऊन आले होते. दारातूनच म्हणाले, "मला पण वाटतं."

*

नाना आमच्यात सगळ्यात वडीलधारे. मढला एकटेच राहायचे. घरात बाई नव्हती. का नव्हती, ते आम्ही विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं.

'यान'मध्ये कप्तानाच्या टेबलावर एका बाईचा फोटो असायचा. त्याची बायको, एवढंच एकदा बोलण्यात आलं होतं. ती कुठे गेली, हे नाही. व्रण, यान, तर्कशास्त्र यातलं नानांना काही नको होतं. त्यांचा प्रश्न एकच, "ती का गेली असंल?" गुरुजी म्हणायचे, वारली. दत्तू म्हणायचा, माहेरी असेल. सुमनताई म्हणायच्या, शहाणी होती म्हणून गेली.

प्रीक्वेलला चार महिने उरले असताना नानांच्या छातीत दुखायला लागलं. पुण्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल, पण वय बघता खात्री देत नाही.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आम्ही चौघं गेलो. नानांनी माझा हात धरला. "मी ऱ्हातो का न्हाई, कुणाला ठावं. तिचं काय झालं तेवढं सांगा. पर आज सगळ्यांनी मिळून एकच सांगा."

आम्ही बाहेर व्हरांड्यात आलो. आमचं कधी कशावर पटलेलं नव्हतं. मग सुमनताई डोळे पुसून आत गेल्या.

"नाना, ती गेलेली नाही. दुसऱ्या यानावर नोकरीला आहे. बदलीचा अर्ज केलाय तिनं."

मागून गुरुजी म्हणाले, "पती-पत्नी एकत्रीकरण. फाईल वर गेलेली आहे."

दत्तू म्हणाला, "निस्ती सही ऱ्हायलीय, नाना."

मी मान हलवली.

नानांनी चौघांकडे एकेक करून बघितलं. "मंग येईल," म्हणाले. तेवढ्यात त्यांना आत नेलं.

नाना वाचले.

प्रीक्वेलचा पहिला भाग लागला, त्या रविवारी ते मढहून पहिल्या गाडीनं आले आणि पुढच्या खुर्चीत बसले. दहाव्या मिनिटाला ती फोटोतली बाई पडद्यावर आली. चांगली हसतीखेळती. पंधराव्या मिनिटाला तिच्या यानाचा स्फोट झाला. कप्तान गुडघ्यावर बसून रडायला लागला.

नानांकडे बघायची कुणाची हिंमत होईना. सुमनताईंनी पदर तोंडाला लावला.

नानांनी बशीतला उरलेला चहा संपवला. कपबशी सावकाश खाली ठेवली.

"बंद कर, राव," ते मला म्हणाले. "ह्यांनी नीट चौकशी केलेली न्हाई."