एका तासासाठी घरी नेलेली मेंढी

ट्रेलरची मागची फळी खाली आली आणि पहिल्याच मेंढीच्या कपाळावर मला पिवळा डाग दिसला.

"थांबा," मी म्हटलं. "एकही जनावर खाली उतरवायचं नाही."

शनिवारी सकाळचे सात वाजले होते. काउंटी शोच्या गेटवर ट्रेलरची रांग लागली होती. काउंटी शो म्हणजे आपल्याकडच्या कृषी प्रदर्शनासारखाच प्रकार. गाई-मेंढ्यांच्या स्पर्धा, जॅमच्या बाटल्या, ट्रॅक्टर आणि हमखास चिखल. आमच्या काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, नाव मुद्दाम लिहीत नाही. मी तिथली शो व्हेट. एरवी मी शेतावरच्या जनावरांची डॉक्टर आहे. शोच्या दिवशी माझं काम एकच असतं. जनावर मैदानात पाय टाकण्याआधी ट्रेलरमध्येच तपासायचं, कागद बघायचे आणि हो किंवा नाही म्हणायचं.

हा ट्रेलर लंडनच्या एका शाळेचा होता. शाळेला स्वतःचं छोटं फार्म आहे. पाच मेंढ्या आणि चार मुलं यंग हँडलर्सच्या वर्गासाठी आली होती. या वर्गात मेंढी किती देखणी आहे याला गुण नसतात. मुलानं तिला कसं वाढवलं, रिंगणात कसं धरलं, जजनं विचारलेल्या प्रश्नांना काय उत्तरं दिली, हे बघतात. मुलं पांढरे कोट घालतात. कितीतरी मोठ्या माणसांपेक्षा शहाण्यासारखी वागतात. वर्षभरात मला मनापासून आवडणारं काम हेच.

कपाळावर पिवळं काही दिसलं की आमच्या डोक्यात पहिला विचार येतो तो कातडीच्या रोगाचा. जखम असते, कुणीतरी औषध फासून ती झाकलेली असते. मी हातमोजे घालून वर चढले. लोकर बाजूला करून बघितली. जखम नव्हती, खपली नव्हती. बोट नाकाजवळ नेलं आणि मी चक्रावले.

हळद.

"काय झालं, मॅडम?" मागून मराठीत आवाज आला. लंडनच्या पिनर भागातले एक गृहस्थ, शाळेचं जॅकेट घातलेले. माझ्या बॅजवर खानोलकर वाचून त्यांचा चेहरा उजळला होता. "मी मंदार. ईशाचा बाबा. ही बिस्किट, ईशाची मेंढी. अरे वा, शोची व्हेट मराठी आहे हे कुणी सांगितलंच नाही! आता काही टेन्शनच नाही."

माझं टेन्शन तिथंच सुरू झालं.

"हिच्या कपाळाला हळद कुणी लावली?"

"आईनं! अहो, बघा ना." त्यांनी फोन काढला. मी मागितला नव्हता. त्यांनी कौतुकानं स्वतःहून दाखवला. पिनरच्या घरामागची हिरवळ. बिस्किटच्या गळ्यात झेंडूची माळ. नऊवारीतल्या आजी तिला ओवाळताहेत. पुढच्या फोटोत आजींच्या तळहातावर पुरणपोळी, आणि बिस्किट ती खाते आहे. त्या फोटोच्या कडेला ईशा उभी होती. ती हसत नव्हती.

"आई मागच्याच आठवड्यात आली पुण्याहून. नातीची एवढी मोठी कॉम्पिटिशन, मग औक्षण नको? आणि तूप बघा, घरचं आहे. आईनं बॅगेत घालून आणलं."

"हे कधीचे फोटो?"

"गुरुवारचे. संध्याकाळी नेली, एका तासात परत सोडली. कुणाला काही त्रास नाही."

आता वाचकांना सांगायला हवं, की ते फोटो बघून मी ओरडायच्या बेतात का होते.

या देशात मेंढी म्हणजे कुत्रं नव्हे, की मागच्या सीटवर बसवून कुठंही न्यावं. ती जिथं राहते त्या जागेला सरकारी नंबर असतो. तिथून ती हलली तर कागद करावा लागतो. नंबर नसलेल्या घरी ती नेताच येत नाही. आणि बाहेरून एखादं जनावर फार्मवर आलं, की त्या फार्मवरची मेंढरं सहा दिवस तिथून हलवायची नाहीत. एकटी तीच नव्हे, सगळीच. स्वयंपाकघरातलं अन्न त्यांना घालायला बंदी आहे. भारतातून दूध-तुपाचे पदार्थ आणायलाही बंदी आहे. कारण एकच. लाळ्या खुरकूत. आपल्याकडे तो रोग लोकांच्या अंगवळणी पडला आहे. इथं त्याच्या साथीत लाखो जनावरं मारून जाळावी लागली. त्या ढिगांचा धूर पाहिलेले शेतकरी अजून माझ्याकडे येतात, आणि तो विषय निघाला की बोलायचे थांबतात. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. यांचं तर घरदारच पोळलं होतं.

मंदारनी एका तासात यातला एकही नियम मोडायचा बाकी ठेवला नव्हता.

"फार्मवरून बाहेर काढलीत कशी?"

"मी पेरेंट व्हॉलंटियर आहे ना. गेटचा कोड आहे माझ्याकडे. मागची सीट फोल्ड केली, प्लॅस्टिक घातलं. मिस हार्परना उगाच कशाला त्रास द्यायचा?"

मिस हार्पर फार्म सांभाळणाऱ्या शिक्षिका. त्या ट्रेलरच्या पुढच्या बाजूला उभ्या होत्या. आमचं मराठी त्यांना कळत नव्हतं, पण माझा चेहरा त्यांना कळला असावा. मी त्यांच्याकडून एंट्रीचे फॉर्म घेतले. गेल्या सहा दिवसांत माझं जनावर फार्मबाहेर गेलेलं नाही, असं प्रत्येक मुलानं स्वतः लिहून सही करायची असते. तिघांच्या सह्या वेड्यावाकड्या, शाळकरी. ईशाची सही मात्र झोकदार, खाली दोन टिंबांसकट.

"ही सही ईशाची?"

मंदारनी फॉर्म परत घ्यायला हात पुढे केला. उत्तर त्यांच्या मागून आलं. पांढरा कोट घातलेली, तेरा वर्षांची, दोन वेण्यांची मुलगी.

"मी साइन नाही केला, मावशी," ती म्हणाली. "बिस्किट घरी आला होता. मग ते ट्रू नाहीये ना. मी बाबाला सांगितला होता, मिस म्हणाली की घरी न्यायचा नाही. बाबा म्हणाला, वन अवर, हू विल नो."

"ईशू, तू गप्प बस," मंदार म्हणाले. मग आवाज खाली आणला आणि मी एकदम मॅडमची ताई झाले. "ताई, लहान आहे ती. प्लीज. तुम्ही आपल्यातल्या. आपणच आपल्या माणसांना सांभाळून घ्यायचं नाही तर कुणी? पाण्यानं पुसून टाकतो मी ते. या लोकांना काय कळतंय हळद का काय ते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला या देशात तेवीस वर्षं झाली. शिक्षण भारतात झालं, इथं पुन्हा परीक्षा दिल्या. पहिली कित्येक वर्षं शेतकरी मला बघून विचारायचे, डॉक्टर कधी येणार? ज्या सहीला आता मान आहे ती मिळवायला मला गोठ्यात गुडघाभर उभं राहावं लागलं. आणि हे गृहस्थ ती पाण्यानं पुसायला निघाले होते.

"मंदार, मी आपल्यातली आहे म्हणूनच मला ती हळद कळली," मी म्हटलं. "आता मला ती कळली नाही असं मी कसं म्हणू?"

मी पाचही मेंढ्यांचा ताप मोजला. नॉर्मल. तोंडं उघडून बघितली, खूर उचलून बघितले. स्वच्छ. पण मेंढीत हा रोग पुष्कळदा दिसतच नाही. ती धडधाकट दिसते आणि शेजारच्या गाईला देऊन मोकळी होते. शेजारी त्या दिवशी आख्ख्या काउंटीतल्या गाई होत्या.

खोटं कशाला लिहू? अर्धं मिनिट मीही डळमळले. तूप कढवलेलं असतं. त्यात विषाणू जिवंत राहण्याची शक्यता जवळजवळ नाही. चार मुलं पहाटे चारला उठून आलेली. कुणाला कळणार होतं? मग लक्षात आलं, की मी मंदारचंच वाक्य मनात म्हणते आहे. मला माझाच राग आला.

मी चीफ स्टुअर्डना, म्हणजे शोच्या मुख्य व्यवस्थापकांना, बोलावलं. कॉलिन. सत्तरीचे, ट्वीडची टोपी, खिशात कायम पेपरमिंट. माझं ऐकून ते संतापतील, अशी माझी खात्री होती. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"का?"

"ती मुलगी आपल्या पोस्टरवर आहे, वर्षा."

खरंच होती. गेटच्या खांबावरच पोस्टर होतं. कोकराला बाटलीनं दूध पाजणारी ईशा. ते कोकरू म्हणजेच बिस्किट. आईनं टाकलेलं, ईशानं वाढवलेलं. वसंतात शाळेत जाऊन शोवाल्यांनीच तो फोटो काढला होता.

"लोकल पेपरचा फोटोग्राफर दहाला येतोय," कॉलिन म्हणाले. "शो सगळ्यांसाठी आहे, हे आम्हाला या वर्षी दाखवायचंय. शहरातली मुलं, वेगळ्या कम्युनिटीतली मुलं. आणि तिलाच गेटवरून परत पाठवायचं? कसं दिसेल ते? तुझ्याच लोकांची मुलगी. मला वाटलं होतं, तू तरी जरा समजून घेशील."

"ट्रेलरमध्ये तुमच्या शेजाऱ्याचा नातू असता तर?"

"तो प्रश्न वेगळा."

"कसा?"

त्यांनी पेपरमिंट तोंडात टाकलं.

मला हसावं की रडावं कळेना. एकाला मी आपल्यातली म्हणून हवी होते, दुसऱ्याला मी तिच्यातली म्हणून. एकाला पोरगी रिंगणात हवी होती, दुसऱ्याला फोटोत. मैदानावरच्या नऊशे मेंढ्यांचा विचार दोघांपैकी एकानंही केला नव्हता. पोरीचाही केला नव्हता. तिनं सही करायला नकार दिला होता, आणि दोन मोठी माणसं तिला शिकवत होती की नकार देणं हा मूर्खपणा आहे.

"कॉलिन, मी 'नाही' असं लिहिणार आहे," मी म्हटलं. "तुम्हाला 'हो' हवं असेल तर माझ्या नावावर रेघ मारा आणि खाली तुमची सही करा."

त्यांनी पेन घेतलं नाही.

मी फळी बंद करायला सांगितली. पाचही मेंढ्या परत. मिस हार्परना इंग्रजीत सगळं सांगितलं. त्या पांढऱ्याफटक पडल्या, पण एका शब्दानं वाद घातला नाही. मंदार मात्र आता चिडले होते.

"बाकीच्या चार का? फक्त आमची काढा ना! त्या मुलांनी काय केलंय?"

"काहीच नाही. तुम्ही केलंत. बिस्किट परत गेली ती त्यांच्याच मेंढ्यांत."

"ही रेसिस्ट सिस्टीम आहे. आणि तुम्ही त्यांच्या बाजूला."

मी फॉर्मवर 'नाही' लिहिलं. त्यांना उत्तर दिलं असतं तर ते छापण्यासारखं नसतं.

ईशानं मला एकच विचारलं. "बिस्किटला मारणार का ते?"

"नाही. लक्ष ठेवतील. रोज ताप बघतील. ती ठीक आहे."

"प्रॉमिस?"

व्हेटनं प्रॉमिस करायचं नसतं. मी केलं.

मग ती त्या तीन मुलांकडे गेली. ती तिघं ट्रेलरच्या सावलीत बसली होती, एक जण रडत होता. मंदारनी "ईशू, गाडीत बस," असं दोनदा सांगितलं. ती गेली नाही. त्यांच्यासमोर उभी राहून तिनं स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, की मेंढी माझ्या घरी आली होती, म्हणून तुम्हाला जाता येत नाही, आय अॅम सॉरी. बाबांनी नेली होती, असं ती म्हणाली नाही. एका मुलीनं पाठ फिरवली. ईशा तरीही हलली नाही. मंदार तोवर गाडीत जाऊन फोनवर कुणाला तरी माझं नाव सांगत होते. कॉलिन फोटोग्राफरला फोन लावत होते. माझ्यामागे अकरा ट्रेलर खोळंबले होते. मी पुढच्याची फळी उघडली.

नियमाप्रमाणे मी कौन्सिलच्या अॅनिमल हेल्थ विभागाला कळवलं. इन्स्पेक्टर शाळेत गेला, पिनरलाही गेला. आजींचं उरलेलं तूप त्यानं नेलं. शाळेच्या फार्मवर तीन आठवडे जनावरांची ये-जा बंद राहिली. मंदारना ताकीद देणारं पत्र आलं आणि शाळेनं गेटचा कोड बदलला. कॉलिननी कमिटीपुढे माझ्याबद्दल 'थोडी ताठर आहे' असं म्हटल्याचं मला कळलं. बिस्किटला काहीही झालं नाही.

तीन आठवडे संपल्याच्या दुसऱ्या दिवशी मंदारचा मेसेज आला. नंबर त्यांनी लंडनच्या मराठी मंडळातल्या कुणाकडून तरी मिळवला होता. "सगळ्या मेंढ्या फिट आहेत. बघा, काहीच झालं नाही. उगाच चार मुलांचं वर्ष वाया घालवलंत."

माझ्या धंद्यात शाबासकीही याच शब्दांत मिळते. काहीच झालं नाही. मी बरोबर असले तरी काही होत नाही, आणि चूक असले तरी बहुतेक वेळा काही होत नाही. त्यामुळे लोकांना दोन्हींतला फरक कधी कळत नाही.

मी उत्तर लिहिलं, "ईशानं पुन्हा भाग घ्यायला हवा. तिला नियम समजतात." खाली निळ्या खुणा उमटल्या.

पुढच्या वर्षीच्या यादीत शाळेची तीन मुलं होती. ईशाचं नाव नव्हतं. मिस हार्परना विचारलं तर त्या म्हणाल्या, ती आता फार्मवर येत नाही, शनिवारी तिला मॅथ्सच्या ट्यूशनला पाठवतात.