जिन्यात बदलणारा आकडा

सर्व्हेवाल्या वहिनींनी पन्नाशी ओलांडली तरी लोकांच्या घरात डोकावायची हौस काही फिटली नव्हती. फरक एवढाच, की आता त्याचा पगार मिळत होता. दारोदार फिरून विचारायचं: शून्य ते दहामध्ये सांगा, तुम्ही आयुष्यात किती समाधानी आहात?

म्हातारे फटकन नऊ सांगत. विशीतली पोरं मोबाइलमधून मान वर न काढता पाच म्हणत. बायका मात्र आधी नवऱ्याकडे बघत आणि मग आठ सांगत. वहिनी मुकाट्याने आठ लिहीत, चहा संपवीत आणि मग चपला घालायला भलताच वेळ लावीत. बाई पोचवायला जिन्यापर्यंत आली, की हळूच म्हणत, "आता खरं सांगा." आठाचे चार होत. वहिनींच्या पिशवीत पेनाऐवजी पेन्सिल आणि खोडरबर असे, ते याचसाठी.

पण ऑफिसातून फेरतपासणीचे फोन गेले आणि घोळ झाला. तीन बायकांनी फोनवर आठ सांगितलं. फॉर्मवर चार, तेही खाडाखोड करून. साहेबांनी वहिनींना बोलावून घेतलं.

"आकडे घरी बसून भरता का, बाई? तसं असेल तर उद्यापासून येऊ नका."

"फोनवर त्या बोलत होत्या तेव्हा शेजारी कोण बसलं होतं, ते विचारलंत का साहेब?"

"त्याने काय फरक पडतो?"

"तुमच्याच घरी लावून बघा की."

साहेबही इरेला पेटले. स्पीकर लावून बायकोला प्रश्न विचारला.

"आठ," पलीकडून आवाज आला. "का हो, किल्ली विसरलात?"

साहेबांनी विजयी नजरेने बघितलं.

"आता फोन माझ्याकडे द्या," वहिनी म्हणाल्या, "आणि तुम्ही जरा बाहेर थांबा. दार ओढून घ्या."

दोन मिनिटांचं काम, पण दहा मिनिटं लागली. दाराच्या काचेतून साहेबांना फक्त वहिनींची डोलणारी मान दिसत होती. आणि पेन्सिल.

"किती?" आत येताच त्यांनी विचारलं.

"गोपनीय असतं साहेब. तुमचाच नियम."

"आठच ना?"

वहिनींनी टेबलावर पडलेला खोडरबराचा चुरा फुंकरीने उडवला.

साहेबांनी तिन्ही फॉर्मवर गुपचूप सही केली. पुढच्या महिन्यात फॉर्मवर नवा रकाना छापून आला: उत्तर देताना जवळ कोण होतं? वहिनींची नोकरी शाबूत राहिली. साहेब मात्र हल्ली ऑफिस सुटल्या सुटल्या घरी निघतात, आणि जाता जाता वहिनींच्या टेबलाशी घुटमळतात.

"निदान सहा तरी होते का हो?"

नेमक्या त्याच वेळी वहिनींना टेबलाखाली आपल्या चपला सापडेनाशा होतात.