पोरीला स्टूल दे

"शेट, पोरीला स्टूल दे आधी!"

चिंचणीची ती मासळीवाली मावशी बोईसरच्या माझ्या मोबाइलच्या दुकानात शिरायची ती अशी ओरडतच. आवाज म्हणजे काय सांगू! तिनं चिंचणीत "बोंबील" म्हटलं की तारापूरच्या कारखान्यांत जेवणाची सुट्टी व्हायची. खोटं वाटत असेल तर कुठल्याही कामगाराला विचारा. तोही माझ्याइतकंच खरं सांगेल.

पोरगी म्हणजे दुकानातल्या माणसाएवढ्या उंच पडद्यावरची, संगणकानं घडवलेली. कोणी समोर आलं की हात जोडायची, "नमस्कार, मी आपली काय मदत करू?"

"मदत ऱ्हाऊ दे. जेवलीस का गो?"

"माफ करा, मला समजलं नाही."

"म्हणजे नाय जेवली!" मावशी माझ्यावर डोळे वटारायची. "दिवसभर उभी ठेवतोस पोरीला, मेल्या!"

शेवटी आणलं स्टूल. पोरगी कसली बसते! मावशीच बसायची, रिकामी पाटी पायाशी ठेवून, आणि दुखऱ्या गुडघ्यापासून गळक्या छपरापर्यंत सगळं तिला सांगायची.

"मावशी, ती खरी नाही गं."

"मला काय कलत नाय? काच हाय. पण डोल्याला डोला देऊन उभी तर हाय!"

खरी लेक जामनगरला दिलेली. फोनवर रोज दिसायची. पण अख्खा बाजार हलवणारी ही बाई तिच्याशी "बरी हाय ना? बरी हाय" एवढंच बोलून फोन ठेवायची. "अंगठ्याएवढी दिसते रे. एवढ्याशा तोंडाला काय विचारू?"

एके दुपारी मी तिचा फोन त्या पडद्याला जोडला. लेकीला म्हटलं, तुझा फोन कपाटाला टेकव आणि मागं सरक. सरकली, आणि दुकानात उभी राहिली! पायापासून डोक्यापर्यंत, आईच्या उंचीची.

मावशी गप्प. शांतता म्हणजे काय, ते बोईसरला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं. तिनं काचेवर, लेकीच्या वर आलेल्या गळ्याच्या हाडावर बोट ठेवलं.

"किती वाललीस गो. फोनवर कदी दिसलंच नाय."

लेक हसायला गेली आणि रडली.

दुसऱ्या दिवशी मावशी सुकटानं भरलेली पाटी घेऊन जामनगरला निघाली. चार दिवसांसाठी म्हणून गेली, ती तिकडचीच झाली.

आता ती माझ्या फोनवर येते. अंगठ्याएवढी. तो आवाज चिलटाएवढा होतो. "बरी आहेस ना?" "बरी हाय." पुढं मलाही सुचत नाही. मला, बरं का! ज्याला गप्प बसवायला लोक चहा पाजतात!

परवा राहवेना. तिला पडद्यावर घेतलं. आली, पुरीच्या पुरी, डोळ्याला डोळा देऊन. केस सगळे पांढरे झालेले. फोनवर कधी दिसले नव्हते. मी नुसता बघत राहिलो.

"बघतोस काय, शेट? उभी ठेवलीस मला! स्टूल दे!"

मी स्टूल पडद्याला लावून ठेवलं. अजून तिथंच आहे. गिऱ्हाईक बसायला गेलं की सांगतो, तुम्ही उभेच राहा.