तेराव्यानंतरची रेघ

लेक डायनिंग टेबलवर बी.कॉम.च्या स्टॅटिस्टिक्सचा ग्राफ काढत होती. मी ओट्यापाशी चहा उकळत होते, भरपूर गवती चहा घालून. "आई, एक आकडा बाकीच्यांपासून फारच लांब आलाय. काढून टाकू?" तिने विचारलं, आणि त्या वासासरशी मी नेरूळच्या आमच्या कॉलेजात जाऊन पोचले.

सरांनी प्रोजेक्ट दिला होता. घरातली कुठलीही एक गोष्ट दोन महिने रोज मोजा. मी घरात होणारे चहाचे कप मोजत होते. मधेच बाबा गेले. तरी मी मोजत राहिले. रडू येत नव्हतं, भूक लागत नव्हती. कप मोजणं तेवढं जमत होतं.

सरांनी ग्राफपेपरवर बोट ठेवलं. "इथे शून्य कसं? लिहायला विसरलीस?"

"नाही सर. त्या दिवशी बाबा गेले. घरात गॅस पेटवला नव्हता."

सरांचं बोट पुढे सरकलं. पुढचा उंचवटा भेटायला येणाऱ्यांचा, हे त्यांना सांगावं लागलं नाही. "राहू दे ते शून्य," एवढंच म्हणाले आणि सही केली.

तेराव्यानंतरची रेघ सरळ होती. तिच्याकडे कुणी पाहिलंच नाही, मीसुद्धा नाही. सगळं पूर्ववत झाल्यासारखी दिसत होती ती.

"राहू दे," मी लेकीला म्हटलं. मग चहा गाळताना ती रेघ पुन्हा डोळ्यांपुढे आली. पहिल्यासारखीच सरळ, फक्त दोन कपांनी खाली. बाबांचा सकाळचा, आणि ऑफिसातून आल्यावरचा.