जवळ्याच्या पिशवीतला कॅमेरा

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुरुडच्या एसटी स्टँडवर पत्रकं वाटत होते. चुलतभाऊ एवढंच म्हणाला, "कुंदाआत्या गेली. झोपेतच. तू ये." हातात पत्रकांचा गठ्ठा, आणि प्रत्येक पत्रकावर तिनेच काढलेला फोटो. अलिबागच्या गाडीत चढणाऱ्या एका माणसाने एक पत्रक मागून घेतलं, फोटोकडे नीट बघितलं आणि घडी करून खिशात ठेवलं. एरवी लोक ते सीटखाली टाकतात. हे आत्याला सांगायला हवं, असं माझ्या मनात आलं... सवयच ती.

कुंदाआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवऱ्यामागे त्याचा फोटो स्टुडिओ तिने एकटीने चालवला. मोहल्ल्यातल्या लग्नांत बायकांच्या बाजूला पुरुष फोटोग्राफर चालायचा नाही, तिथे तिला मानाने बोलावणं यायचं, आणि कोळीवाड्यातली हळद तर ती पोचल्याशिवाय लागायचीच नाही. गळ्यात अवजड डीएसएलआर, खांद्यावर लेन्सांची बॅग. खाऱ्या हवेने लेन्सला बुरशी धरते म्हणून ती लेन्स पोह्यांच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायची, आणि आमचे पोहे बाहेर सादळायचे.

आमच्या गावाहून समुद्रावर जायची एक जुनी वाट आहे, माडांच्या वाड्यांमधून. मुंबईच्या एका बंगलेवाल्याने वाटेच्या तोंडाशी लोखंडी फाटक बसवलं आणि कुलूप घातलं. मी सरळ लिहिते, ही चोरी आहे. फाटकाच्या कडेला माणूस अंग चोरून जाईल एवढी फट तेवढी राहिली. डोक्यावर मासळीची पाटी असलेली बाई त्यातून जात नाही. तिने सगळ्या गावाला वळसा घालून हमरस्त्याने यायचं, का, तर साहेबांना शनिवार-रविवारी शांतता हवी.

फाटकाविरुद्धच्या पहिल्या पत्रकासाठी मी आत्याला मोठ्या कॅमेऱ्यासकट फाटकापाशी नेऊन उभं केलं. कोळणींनी तो कॅमेरा बघितला, "थांब गो कुंदाबाय, आलो" म्हणाल्या आणि घरी गेल्या. परत आल्या त्या ठेवणीतल्या साड्या नेसून, गजरे माळून, नथी घालून. कुंदाबाय गळ्यात कॅमेरा घालून आली म्हणजे घरात कार्य, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. ओळीत उभ्या राहून छान हसल्या. मागे कुलूपबंद फाटक. ते फोटो जोडून अलिबागला निवेदन दिलं, तर टेबलामागचे साहेब म्हणाले, "कार्यक्रम चांगला झालेला दिसतो."

मी घरी येऊन भांडी आपटली. आत्या जमिनीवर बसून पोट धरून हसली. मग म्हणाली, "चूक त्यांची नाही. ही तोफ बघून मीपण नटले असते."

त्यानंतर तिने डीएसएलआर लेन्सांसकट लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका नव्या पोराला देऊन टाकला आणि मुंबईला जाऊन दुसरा कॅमेरा आणला. साबणदाणीएवढा.

"आत्या, आंदोलन आहे आपलं. हे खेळणं कुठून आणलंस?"

"याची लेन्स निघत नाही, म्हणजे वाळू आत जायची नाही."

"झूम कुठाय याला?"

"पाय आहेत ना मला."

"मग मोबाइल काय वाईट होता?"

"मोबाइल धरला की पोरी नाचायला लागतात. आणि ऐन वेळी तुझा फोन येतो."

दुकानदार मेगापिक्सेल सांगत होता म्हणे. हिने बाजाराची पिशवी उघडली आणि कॅमेरा आत घालून बघितला. मग एका हातात पिशवी धरून दुसऱ्या हाताने चालू करून बघितला. बटण दाबल्यावर आवाज येत नाही ना, तेही कानाशी धरून ऐकलं. एवढीच तिची परीक्षा. घरी आल्यावर तो त्या पिशवीतच राहिला, सुक्या जवळ्याच्या पुडीशेजारी. रोज सकाळी ती मासळीला निघायची, भाव करायची, भांडायची, त्यात मधेच कधीतरी हात वर यायचा. सुरुवातीला बायकांनी चेष्टा केली, "कुंदाबायचा कॅमेरा आटला गो." मग विसरल्या. पदर सारखा करायचंही विसरल्या.

अशाच एका सकाळी तो फोटो आला. समुद्राच्या बाजूने कोळणींतल्या हिराबाईने पाटी फाटकावर उचललेली, ओल्या जवळ्याचं पाणी गळतंय, आणि अलीकडून ती पाटी हातात घेतोय खुद्द बंगल्याचा रखवालदार. कुलूप लावणारा तोच, आणि मालक नसताना रोज पाट्या ओलांडून घेणाराही तोच. हिराबाई फटीतून यायची, पाटी परत डोक्यावर घ्यायची. गावातल्या बायकांना ते इतकं रोजचं झालेलं की मला कुणी सांगितलंच नव्हतं.

"हा अख्खा छापायचा," मी म्हणाले. "त्याचा माणूसच आपल्या बाजूने आहे, बघू दे सगळ्यांना."

"आणि त्याची नोकरी?"

"आत्या, लढ्यात थोडं..."

"लढा तुझा. पोट त्याचं."

आम्ही भांडलो. मी तिला भित्री म्हणाले, ती मला पत्रक म्हणाली. शेवटी फोटो तिचा होता. तिने तो कापला. चार हात, एक पाटी आणि फाटकाचे गज, बस. तो बघून मात्र अलिबागच्या साहेबांनी कार्यक्रमाचं नाव काढलं नाही. सुनावणी लागली. ती अजून पुढे पुढे ढकलली जाते आहे. आत्या गेल्यानंतर रखवालदार नोकरी सोडून आपल्या गावी गेला आहे. त्याचं हे त्याला विचारूनच लिहिते आहे. एवढं तरी शिकले.

आमचं स्मशान समुद्रावर आहे. तिला घेऊन आम्ही त्या वाटेच्या तोंडाशी आलो तर फाटक सताड उघडं, आणि तोच रखवालदार कुलूप हातात धरून बाजूला उभा. दुसऱ्या दिवशी पुन्हा कुलूप. म्हणजे आमच्या गावात बाईला सरळ वाटेने समुद्रावर जायचं तर आधी मरावं लागतं.

पिशवी तिच्या स्वयंपाकघराच्या दाराआड टांगलेलीच होती. कॅमेऱ्याला, त्याच्या पट्ट्याला जवळ्याचा वास. भाऊ म्हणाला, स्पिरिटने पुसून देतो. मी नको म्हणाले. दार लावून कितीदा तरी तो नाकाशी धरला...

मग एक दिवस तो घेऊन फाटकाशी गेले. हिराबाईने मला बघितलं, पाटी खाली ठेवली, पदर सारखा केला आणि ताठ उभी राहिली.

"काढ."

"तू तुझं काम कर ना गं."

"तू फोटोला आलीस ना गो. कुंदाबाय मासळीला यायची." आणि मग तीच डोळे पुसत म्हणाली, "आता आलीस तर धर तरी."

गावाच्या बाजूने पाटी घ्यायला आता कुणी नाही. नवा रखवालदार खुर्चीवरून उठत नाही. मी धरली. तेव्हापासून रोज सकाळी जाते. पाटी फाटकावर येते, तिचे दोन हात, माझे दोन हात, जवळ्याचं गार पाणी माझ्या कोपरापर्यंत ओघळतं. कॅमेरा खांद्यावरच्या पिशवीत असतो. तो काढायला हात मोकळा नसतो... आणि रोज त्या क्षणी मी डाव्या बाजूला बघते, जिथे आत्या उभी राहायची.